फाउंड्रीचा कार्बन कमी करायचा, तर आधी रनर-रायझर वजनकाट्यावर ठेवा

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीतली फाउंड्री. ग्रे आणि एसजी आयर्न (ओतीव लोखंडाचे दोन प्रकार) मिळून महिन्याला ४०० टन चांगलं कास्टिंग, एक-एक टनाच्या दोन इंडक्शन फर्नेस (विजेवरच्या भट्ट्या), वीज महिन्याला सव्वासहा लाख युनिट. यील्ड, म्हणजे ओतलेल्या धातूतला कास्टिंगचा वाटा, ६० टक्के; रिजेक्शन ५ टक्के. वाहन उद्योगातल्या मोठ्या ग्राहकाचं पत्र आलंय की २०३० पर्यंत टनामागचं उत्सर्जन ३० टक्के खाली आणा. छतावर ५०० किलोवॅट सोलर बसवलं की भागेल का? दुसऱ्या कारखान्यातला कपोला (कोकवरची भट्टी) काढून तिथे इंडक्शन घ्यावी का? आणि थोडा माल युरोपला जातो, त्याचं काय?

सोलरने एकट्याने भागणार नाही. आपल्याकडे एक किलोवॅट पॅनल वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण चार युनिट देतं. म्हणजे ५०० किलोवॅटचे महिन्याला ६०,००० युनिट, तुमच्या विजेच्या साडेनऊ टक्क्यांच्या आसपास. उरलेले वीस टक्के कुठून येणार, त्याचं उत्तर छतावर नाही, मेल्टिंग शॉपमध्ये आहे. तुम्ही महिन्याला ४०० टन विकता, पण वितळवता ७०० टन. मधले ३०० टन रनर (धातू साच्यात नेणारी वाट), रायझर (गोठताना कास्टिंगला धातू पुरवणारा साठा) आणि रिजेक्शनच्या रूपाने पुन्हा भट्टीत जातात. कार्बनही तिथेच जळतो आणि पैसाही.

आधी हिशेब मांडू. जीएचजी प्रोटोकॉलप्रमाणे (उत्सर्जन मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत) तीन खाती असतात. स्कोप १ म्हणजे तुमच्या आवारात जळलेलं इंधन आणि गळालेला गॅस, स्कोप २ म्हणजे विकत घेतलेली वीज, स्कोप ३ म्हणजे बाकी सगळं : पिग आयर्न (ब्लास्ट फर्नेसमधलं कच्चं लोखंड), फेरो अलॉय (लोखंडाचे मिश्रधातू), वाळू, वाहतूक. विजेसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी ग्रिडचा गुणांक काढतं; अलीकडच्या आवृत्त्यांत तो युनिटमागे ०.७१ ते ०.७३ किलो कार्बन डायऑक्साइड (बोलताना नुसतं कार्बन) आहे. ०.७२७ धरला तर सव्वासहा लाख युनिटांचे ४५४ टन होतात. डिझेलचा गुणांक लिटरला २.६८ किलो, एलपीजीचा किलोमागे जवळपास ३ किलो. जनरेटरला आणि लॅडल (धातू ओतायचं भांडं) तापवायला महिन्याला २,००० लिटर डिझेल आणि दीड टन एलपीजी लागत असेल, तर दोन्ही मिळून दहा टन. म्हणजे स्कोप १ आणि २ ची बेरीज ४६५ टनांच्या घरात, टन कास्टिंगमागे १.१६ टन. यातला ९७-९८ टक्के भाग वीज आहे. इंधनाच्या बर्नरवर डोकं खपवण्याआधी हे प्रमाण भिंतीवर लिहून ठेवा.

या हिशेबात हमखास होणाऱ्या चुका आहेत. पहिली, भागाकारात वितळवलेला टन घेणं. भागायचं ते ग्राहकाने स्वीकारलेल्या टनाने; मशीन शॉपमधून परत आलेलं कास्टिंग त्यातून वजा झालं पाहिजे. दुसरी, ट्रान्समिशनची गळती स्कोप २ मध्ये घालणं. ती स्कोप ३ मध्ये जाते. तिसरी, एसी आणि ब्रेकरमधला गॅस विसरणं. एसीतला आर-४१०ए गॅस दोन किलो गळून पुन्हा भरला की त्याचा परिणाम चार टनांच्या आसपास कार्बनइतका. एचटी यार्डात (उच्च दाबाच्या विजेच्या जागी) एसएफ६ गॅसचा ब्रेकर असेल आणि गळती म्हणून एक किलो गॅस भरला, तर साडेतेवीस टन! तुमच्या स्कोप १ च्या दोन महिन्यांपेक्षा जास्त. सर्व्हिसवाल्याच्या बिलावर गॅसचं वजन लिहून घ्यायची सवय लावा.

आता मेल्टिंग. प्रश्नात फर्नेसचं वेगळं रीडिंग नाही, तेव्हा टनामागे ६२० युनिट धरतो. लोखंड वितळवून १,५०० अंशांवर न्यायला शास्त्राप्रमाणे ४०० युनिटांच्या आतच ऊर्जा लागते. चांगली चालवलेली भट्टी ५५० च्या आसपास घेते, ढिसाळ चालवलेली साडेसहाशेच्या वर जाते. तुमच्या आकड्यांवरून ६२० युनिट भागिले ०.५७ (यील्ड ६० टक्के गुणिले स्वीकृती ९५ टक्के) म्हणजे चांगल्या टनामागे नुसत्या मेल्टिंगला १,०८८ युनिट. या भागाकारात वरचा आकडाही हलवता येतो आणि खालचाही. बहुतेक लोक वरच्याच्या मागे लागतात, कारण भट्टीवाल्या कंपनीचा इंजिनिअर त्याबद्दलच बोलतो. खालचा आकडा मेथडिंग (साच्यातल्या धातूच्या वाटांची आखणी) आणि क्वालिटीच्या हातात असतो आणि तिथे जास्त वाव असतो.

खालचा आकडा असा पकडा. टनेजप्रमाणे पहिले दहा पार्ट काढा. बहुधा निम्म्याहून जास्त धातू त्यांतच जातो. प्रत्येकाचा एक बॉक्स (साचा) नॉकआउटनंतर, म्हणजे वाळू फोडल्यावर, बाजूला घ्या आणि कास्टिंग, रनर, रायझर, स्प्रू (ओतण्याची उभी नळी) वेगवेगळे तोला. कागदावरचं यील्ड आणि काट्यावरचं यील्ड यांत तीन-चार टक्क्यांचा फरक निघाला तर दचकू नका. पॅटर्न (साच्याचा नमुना) दुरुस्त करताना कुणीतरी रनर जाड केलेला असतो, तर कुठे श्रिंकेज (आकुंचनाची पोकळी) आलं म्हणून रायझर वाढवला आणि पुन्हा कमी करायचं राहून गेलेलं असतं. शिवाय लॅडलच्या तळाशी उरलेला धातू पिगिंगच्या साच्यात ओततात. तो बॉक्सच्या यील्डमध्ये दिसतच नाही. त्याचं वजन वेगळं लिहा. बॉक्स भरून झाल्यावर प्रत्येक हीटला (भट्टीच्या एका फेरीला) ४० किलो पिगिंग होत असेल, तर एक टनी भट्टीत तिथेच चार टक्के गेले.

रायझर कमी करायचे खात्रीचे मार्ग तीन. रायझरभोवती इन्सुलेटिंग किंवा एक्झोथर्मिक (स्वतः उष्णता देणारी) स्लीव्ह लावली की रायझरमधला धातू जास्त वेळ पातळ राहतो, म्हणून आकार बराच लहान करता येतो. दुसरा, एका बॉक्समध्ये कॅव्हिटी (कास्टिंगच्या पोकळ्या) वाढवून रनर सामाईक करणं. तिसरा एसजीसाठी : गोठताना ग्राफाइट फुगतं आणि साचा पुरेसा कडक असेल तर तो फुगवटाच बराचसा आकुंचनाची भरपाई करतो. पण साच्याचा कडकपणा आधी तपासा. मोल्ड हार्डनेस ढिला ठेवून रायझर छाटले तर भिंत बाहेर सरकते, आत पोकळी होते, आणि ती ग्राहकाकडे ड्रिल मारताना सापडते. मशीनिंगनंतर रिजेक्ट झालेलं कास्टिंग सगळ्यात महाग : वितळवण्याची, वाळूची, फेटलिंगची (घासून साफ करण्याची), वाहतुकीची, मशीनिंगची सगळी ऊर्जा वाया. म्हणून प्रत्येक बदल आधी सिम्युलेशनवर, मग एका पॅटर्नवर, मग सेक्शन कापून, आणि नंतरच उत्पादनात. महिन्याला दोन-तीन पार्टपेक्षा घाई करू नये.

यील्ड ६० वरून ६६ आणि रिजेक्शन ५ वरून ३ हे दीड-दोन वर्षांत जमणारं काम आहे. मग ४०० टनांसाठी ७०२ ऐवजी ६२५ टन वितळवावे लागतील. ७७ टन धातू वितळवायचाच नाही. नुसत्या भट्टीचे ४७,००० हून अधिक युनिट वाचले. सोलरच्या ६०,००० शी ताडून पाहा.

वरच्या आकड्यासाठी, म्हणजे ६२० चे ५६० करण्यासाठी, आधी हीट शीट सुधारा. प्रत्येक हीटला सहा गोष्टी : चार्जचं वजन, सुरुवातीचं आणि शेवटचं मीटर रीडिंग, पॉवर चालू केल्याची वेळ, टॅपिंगची (धातू बाहेर काढण्याची) वेळ, टॅपिंगचं तापमान, आणि मध्ये पॉवर कमी केली असेल तर कारण. फर्नेसच्या पॅनलला स्वतंत्र मीटर आणि क्रेनला लोड सेल नसेल तर हे दोन खर्च पहिल्या महिन्यातच करा. अंदाजाने लिहिलेल्या वजनावर काढलेला युनिट-प्रति-टन हा आकडा कुणालाच उपयोगाचा नाही.

दोन आठवड्यांची शीट पाहिली की चोर दिसतात. सगळ्यात मोठा चोर म्हणजे थांबणं. स्पेक्ट्रोचा (धातूच्या तपासणीचा) रिपोर्ट यायचाय, क्रेन दुसरीकडे अडकलीय, मोल्ड तयार नाहीत. एक टन धातू १,४५० अंशांवर धरून ठेवायला शंभर किलोवॅट लागत असतील तर दहा मिनिटांना सोळा-सतरा युनिट. त्यातला मोठा वाटा झाकणावाचून उघड्या राहिलेल्या तोंडाचा. १,४५० अंशांना काळा पृष्ठभाग चौरस मीटरमागे जवळपास ५०० किलोवॅट उष्णता फेकतो. स्वच्छ धातू त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी, स्लॅगने (वर तरंगणाऱ्या मळीने) झाकलेला धातू बराच जास्त. एक टनी भट्टीचं तोंड पाव चौरस मीटरहून थोडं मोठं असतं. म्हणजे ४० ते १०० किलोवॅट नुसते छताकडे चाललेत. झाकण असतं सगळ्यांकडे, पण भिंतीला टेकवून ठेवलेलं. कारण साधं आहे : ते उचलायला दोन माणसं लागतात आणि चार्जिंग करणारा एकटा असतो. हायड्रॉलिक किंवा फिरत्या आर्मवरचं झाकण बसवलं नाही, तर नुसत्या सूचनेचा उपयोग आठवडाभरच टिकतो.

दुसरा चोर वाळू लागलेले रिटर्न्स. रनर-रायझरला चिकटलेली वाळू भट्टीत स्लॅग होते आणि ती वितळवायलाही वीज लागते. एक टक्का स्लॅगमागे टनाला दहा युनिटांचा ठोकताळा आहे. वरून लायनिंग (भट्टीचं आतलं अस्तर) खराब होतं ते वेगळं. रिटर्न्स टंबलिंग बॅरलमधून किंवा शॉट ब्लास्टमधून काढून घ्या. तिसरा चोर तापमान. पन्नास अंश जास्त नेलं की टनाला वीस ते पंचवीस युनिट जास्त. मेल्टर जास्त तापवतो कारण त्याला शेवटच्या मोल्डपर्यंत धातू पातळ हवा असतो, आणि शेवटचा मोल्ड गार पडतो कारण लॅडल नीट तापलेली नसते. त्यामुळे तापमानाची मर्यादा मेल्टिंगवर लादून उपयोग नाही. आधी लॅडल झाकण लावून तापवा, लॅडलला चांगलं इन्सुलेशन द्या, ओतण्याचं अंतर कमी करा, मग टॅपिंगचा आकडा खाली आणा.

चार्जिंगबद्दल एवढंच : भंगार कॉइलच्या (भट्टीभोवतीच्या वीजवेटोळ्याच्या) उंचीइतकं घट्ट भरलेलं राहिलं तर भट्टी पूर्ण पॉवर घेते. लांब तुकडे आडवे अडकले की वर पूल तयार होतो, खाली धातू बेसुमार तापतो आणि लायनिंग फुटून कॉइलपर्यंत जाण्याचा धोका असतो. ओलं भंगार आणि बंद पाइपचे तुकडे पावसाळ्यात स्फोट करतात, हे कोल्हापूरच्या पावसात वेगळं सांगायला नको; भंगार छताखाली ठेवा. गॅसवर चार्ज आधी तापवायचा असेल तर कार्बनच्या दृष्टीने तो सौदा फायद्याचा ठरतो, कारण नैसर्गिक वायूचं युनिट ०.२ किलोचं आहे आणि ग्रिडचं ०.७ च्या वर. मात्र त्याने स्कोप १ वाढतो. युरोपच्या मालासाठी ते का महत्त्वाचं, ते पुढे येतंय.

६२५ टनांवर टनाला ६० युनिट वाचले की आणखी ३७,५०० युनिट. यील्डचे आणि हे मिळून ८५,००० च्या घरात. युनिट नऊ रुपये धरलं तर महिन्याला साडेसात लाख रुपये. मेथडिंगचं सॉफ्टवेअर भाड्याने घ्यायला पैसे नाहीत असं म्हणणाऱ्याने हा आकडा पाहावा.

बाकीच्या १.९ लाख युनिटांत दोनच ठिकाणी लक्ष घाला. कॉम्प्रेसर आणि धूळ ओढणारे पंखे. सुट्टीच्या दिवशी सगळी यंत्रं बंद ठेवून कॉम्प्रेसर चालू करा आणि लोड-अनलोडच्या वेळा घड्याळावर टिपा. दोन मिनिटं लोड, पाच मिनिटं अनलोड आलं तर दोन भागिले सात, म्हणजे २८ टक्के हवा गळतीत चाललीय. ५०० सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट हवा) मशीनवर ती १४० सीएफएम होते आणि शंभर सीएफएमला सतरा किलोवॅटच्या हिशेबाने २४ किलोवॅट. महिन्याला ६०० तास चालला तर चौदा हजार युनिट. गळती सापडते ती मोल्डिंग मशीनच्या होज क्लॅम्पवर, ड्रेन व्हॉल्व्हवर आणि फेटलिंगच्या ग्राइंडरच्या कपलिंगवर. शिवाय एक बार दाब कमी केला की सहा-सात टक्के वीज वाचते. पण मोल्डिंग मशीनला दाब कमी पडून साचा ढिला झाला तर वरचं सगळं यील्ड गमवाल. दाब मशीनपाशी मोजा, कॉम्प्रेसर रूममध्ये नव्हे.

पंख्यावर डँपर (हवा अडवणारी झडप) अर्धा बंद करून चालवत असाल तर व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) लावा. वेग वीस टक्के कमी केला की वीज जवळपास निम्म्यावर येते. मर्यादा एकच, वाळूची धूळ वाहून नेणाऱ्या डक्टमध्ये वेग सेकंदाला १८ मीटरच्या खाली गेला तर धूळ आडव्या पाइपात साचते आणि महिन्याभराने पाइप खाली वाकतो. कॉम्प्रेसर आणि पंखे मिळून वीस-तेवीस हजार युनिट धरा. एलईडी वगैरे करून टाका, त्यावर बैठक नको. पॉवर फॅक्टर सुधारणारं पॅनल कार्बन वाचवतं असं विक्रेता सांगेल. ते बिल कमी करतं, केव्हीएएच बिलिंगमध्ये (पॉवर फॅक्टर धरून होणाऱ्या आकारणीत) चांगलंच कमी करतं, पण उत्सर्जनात त्याचा वाटा नगण्य.

आता सोलर. फाउंड्रीच्या छतावर त्याची अडचण वेगळी असते. जुन्या शेडवर सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांना भोकं पाडून स्ट्रक्चर बांधता येत नाही. आधी पत्रा बदला आणि ट्रसची ताकद स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. ५०० किलोवॅटला चालण्याच्या वाटा धरून तीन ते साडेतीन हजार चौरस मीटर लागतात. फर्नेसच्या आणि शॉट ब्लास्टच्या धुराड्याच्या वाऱ्याच्या दिशेला पॅनल नकोत; लोखंडी धूळ दवाने ओली होऊन काचेवर गंजते आणि नुसत्या पाण्याने निघत नाही. इतरांना महिन्यातून दोनदा धुवावं लागत असेल तर तुम्हाला दर आठवड्याला लागेल, हे देखभालीच्या (एएमसी) करारात आधीच घाला.

दुसरी अडचण वेळेची. रात्रीच्या वीजसवलतीमुळे वर्षानुवर्षं फाउंड्र्या रात्री मेल्टिंग करत आल्या. सोलर दुपारी येतं. टाइम ऑफ डेचं (वेळेनुसार वीजदराचं) वेळापत्रक वीज नियामक आयोगाच्या आदेशागणिक बदलतं आणि अलीकडे त्याचा कल दिवसाच्या सवलतीकडे आहे. चालू आदेश समोर ठेवून मेल्टिंगची पाळी ठरवा, मगच सोलरचा आकार. छत पुरत नसेल तर ग्रीन एनर्जी ओपन ॲक्सेसच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे १०० किलोवॅट मंजूर भारावरच्या ग्राहकाला बाहेरून सौर वीज घेता येते. कॅप्टिव्ह (स्वतःच्या प्रकल्पाची) म्हणून घ्यायची तर प्रकल्पात किमान २६ टक्के भागभांडवल आणि ५१ टक्के वापर हवा. चार-पाच फाउंड्र्यांनी मिळून हे करता येतं, मात्र प्रत्येकाचा वापर भागभांडवलाच्या प्रमाणात राहिला पाहिजे. वर्षअखेरीस तो चुकला तर क्रॉस सबसिडीचा अधिभार मागे लागतो. करारात आणखी एक ओळ तपासा : त्या विजेचं हरित प्रमाणपत्र कुणाच्या नावावर? विकासकाने ते दुसऱ्याला विकलं असेल तर ती वीज तुमच्या हिशेबात हरित धरता येत नाही.

गोळाबेरीज करू. मेल्टिंगचे ८५,०००, कॉम्प्रेसर-पंख्यांचे २३,०००, छताचे ६०,०००. एकूण १ लाख ६८ हजार, म्हणजे २७ टक्के. उरलेले तीन-चार टक्के थोड्या ओपन ॲक्सेसने सहज येतात. क्रम बदलू नका. आधी सोलर घेतलं तर आकार सव्वासहा लाखांवर ठरेल आणि नंतर वीज कमी लागली की रविवारी सोलरची वीज कुठे घालायची हा प्रश्न उभा राहील.

ग्राहकाच्या पत्रात स्कोप ३ नसेल, पण पुढच्या पत्रात येईल. कारण त्याच्या स्कोप ३ मध्ये तुम्ही अख्खे बसता, आणि बीआरएसआरच्या (सेबीने ठरवलेल्या शाश्वततेच्या) अहवालात मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांकडून पुरवठादारांची माहिती अपेक्षिली जाते. तिथे तुमची मोठी गोष्ट पिग आयर्न. ब्लास्ट फर्नेसच्या एका टनामागे दीड-दोन टन किंवा अधिक कार्बन असतो. महिन्याला १०० टन वापरत असाल तर तुमच्या विजेच्या निम्म्याच्या जवळ जाणारा आकडा झाला, आणि तो अजून कुणी मोजलेलाच नाही.

पिगच्या जागी स्टील भंगार आणि कार्बन रेझर (धातूतला कार्बन वाढवणारा पदार्थ) वापरता येतो, पण तीन गोष्टी सांभाळून. स्वस्त कॅल्साइन्ड पेट्रोलियम कोकमध्ये नायट्रोजन जास्त असतो. ग्रे आयर्नमध्ये तो वाढला की जाड भागात चिरेसारखी छिद्रं येतात आणि ती गॅसची की श्रिंकेजची यावर आठवडाभर वाद होतो. दुसरं, स्टीलवर केलेल्या ग्रे आयर्नमध्ये गंधक फार खाली जातं आणि इनॉक्युलेशन (ग्राफाइट नीट बनावं म्हणून घातलेली भर) नीट लागत नाही, ते गंधक ०.०५ ते ०.०८ टक्क्यांत ठेवायला थोडं आयर्न सल्फाइड घालावं लागतं. तिसरं एसजीचं : स्टीलमधलं मँगनीज. फेरिटिक (मऊ) ग्रेडला ते ०.२-०.३ टक्क्यांच्या वर चालत नाही, म्हणून भंगाराचा स्रोत ठरवून घ्या, मिश्र ढीग नको. रेझर चार्जच्या खालच्या-मधल्या थरात घाला. शेवटी स्लॅगवर टाकला तर निम्मा जळून वर जातो, आणि जळालेल्या प्रत्येक किलो कार्बनचा ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड तुमच्या स्कोप १ मध्ये येतो.

कपोल्याचं उत्तर बहुतेकांना पटत नाही. कोक धातूच्या १३ टक्के लागत असेल तर टनाला १३० किलो कोकचे ४०० किलो आणि चुनखडीचे पंधरा-वीस, असे ४२० किलो कार्बन डायऑक्साइड. इंडक्शनला ६०० युनिट गुणिले ०.७२७ म्हणजे ४३६ किलो. ग्रिडच्या विजेवर कपोला बदलून कार्बन घटत नाही! धूर आणि गंधक घटतं, धातूचं नियंत्रण सुधारतं, आणि पुढे हरित वीज जोडायची सोय होते. बदलायचा तर या कारणांसाठी बदला. लगेच बदलायचा नसेल तर डिव्हायडेड ब्लास्ट करा : हवेच्या नळ्यांच्या दोन रांगा, मध्ये साधारण एक मीटर उंची, आणि दोन्हींना हवा सारखी वाटलेली. टेरी या दिल्लीतल्या ऊर्जा संशोधन संस्थेने स्विस विकास संस्थेच्या मदतीने १९९८ मध्ये हावड्यात असा कपोला उभा केला होता. पाव हिस्सा कोक वाचला तरी टनामागे शंभर किलोंच्या वर घट होते. शाफ्टची उंची कमी असेल तर मात्र फायदा मिळत नाही, वरून ज्वाळा निघतात आणि उष्णता तिथेच जाते.

युरोपच्या मालाला सीबॅमचा (युरोपच्या सीमेवरच्या कार्बन आकारणीचा) नियम लागू आहे की नाही ते आधी टॅरिफ कोडवर पाहा. प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा १ जानेवारी २०२६ पासून सुरू झाला. पाइप ७३०३ आणि फिटिंग ७३०७ यादीत आहेत, ७३२६ (इतर लोखंडी वस्तू) ही आहे. इतर ओतीव वस्तूंचा ७३२५ मूळ यादीत नाही आणि पंप किंवा वाहनांचे भाग ८४ आणि ८७ प्रकरणांत जातात, तेही नाहीत. यादी वाढू शकते, म्हणून दरवर्षी पाहा. आयातदार वर्षाला ५० टनांपेक्षा कमी माल आणत असेल तर त्याला सूट आहे. कोड यादीत असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : लोखंड-पोलादासाठी तिथे थेट उत्सर्जनच मोजतात, वीज नाही. तुमचं सोलर त्या आकड्यात दिसतच नाही. तिथे दिसतो कपोल्याचा कोक, गॅसचा प्रीहीटर आणि पिग आयर्नसोबत आलेला कार्बन. भंगार शून्य धरतात. म्हणून फिटिंगसारखा माल इंडक्शनवर, कमीत कमी पिगने काढा आणि त्या हीटच्या चार्ज शीट वेगळ्या जपा. सिद्ध केलेला आकडा नसेल तर आयातदाराला मुद्दाम चढे ठेवलेले डिफॉल्ट आकडे लावावे लागतात.

कर्जाचं पाहायचं तर ऊर्जा दक्षता ब्युरोच्या अदिती योजनेत लघुउद्योगांना ५ आणि मध्यम उद्योगांना ३ टक्के व्याजसवलत आहे. त्यासाठी आधी एनर्जी ऑडिट लागतं, ते तसंही करायचंच आहे. झाडं लावून हिशेब पुरा करण्याचा विचार असेल तर, वाढलेल्या झाडामागे वर्षाला २० किलो धरले तरी तुमच्या वर्षाच्या ५,५८० टनांना पावणेतीन लाखांच्या वर झाडं लागतात. लावा जरूर, पण ग्राहकाच्या तक्त्यात तो रकाना नसतो.

पत्राचं उत्तर देताना ३० टक्के लगेच कबूल करू नका. दोन महिने हीट शीट भरा, मग आधारवर्ष, सीमा, ग्रिड गुणांकाची आवृत्ती आणि लोकेशन-बेस्ड (ग्रिडच्या सरासरीने) व मार्केट-बेस्ड (घेतलेल्या विजेच्या कराराने) असे दोन्ही आकडे लिहून द्या. ग्रिड स्वतःच स्वच्छ होत जाईल तशी तुमची काही घट आपोआप दिसेल; ती आणि तुम्ही केलेली वेगळी दाखवा, नाहीतर पुढच्या वर्षी गुणांक वाढला की जबाब तुम्हालाच द्यावा लागेल. त्याच पत्रात ग्राहकाकडेही मागणी करा. ड्रॉइंगवर मशीनिंग अलाउन्स (मशीनिंगसाठी सोडलेला जादा थर) ३ मिलीमीटर असेल आणि तुमचा साचा २ मध्ये बसत असेल, तर बदल मंजूर करून घ्या. आजच्या यील्डला कास्टिंगचं वजन एक किलोने उतरलं की भट्टीतला धातू पावणेदोन किलोने कमी होतो, आणि ती मंजुरी ग्राहकाच्या डिझाइन खात्याशिवाय कुणी देऊ शकत नाही.